हद्दीखालचा कोळसा

"झोपलाय का मेलाय, बघ," वालेंती म्हणाला.

मी कुदळीच्या दांड्यानं त्या माणसाच्या बुटाला ढोसलं. नुसता पाय हलला नाही, ओंडक्यासारखा सगळा माणूसच हलला. तोंड उघडं होतं, मिशांवर दंव साचलं होतं आणि गालावरून एक गोगलगाय डोळ्याकडे निघाली होती.

"मेलाय," मी म्हटलं.

"कोण आहे?"

"येफीम."

वालेंतीच्या हातातली टोपली खाली पडली. आम्ही दोघं बटाटे खणायला आलो होतो. ऑक्टोबरचं धुकं होतं, दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं.

येफीम हा नव्या तालुक्याचा शिपाई. माझ्या सासूचे पुढचे दोन दात त्यानं चाबकाच्या मुठीनं पाडले होते, कारण तिनं वसुलीतून वाचवायला एक पाळीव हंस कोठीत लपवला होता. त्याच्यासाठी रडणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. पण तो आमच्या शेतात मेला होता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या पोलंडवर रशियाच्या झारचं राज्य होतं. चार वर्षांपूर्वी बंड झालं होतं, ते मोडलं. बंड मोडल्यावर त्यांनी आधी माणसं फासावर दिली आणि मग नकाशे काढले. मोठे जुने तालुके कापून लहान केले, म्हणजे प्रत्येक गावावर साहेबाची नजर जवळून राहील. आमच्या तालुक्याचे दोन झाले. माझं सासर ओल्शिना नव्या तालुक्यात गेलं आणि माहेर झावादा जुन्यातच राहिलं. मधे एक ओलं कुरण होतं. माझ्या बापानं झावादात कुऱ्हाड चालवली की तिचा आवाज मला सासरच्या अंगणात ऐकू यायचा. तरी आता तो दुसऱ्या तालुक्यातला माणूस होता.

जुन्या तालुक्याचा साहेब म्हातारा होता. त्याला जेवण, झोप आणि त्याची मांजरं एवढंच लागायचं. नव्या तालुक्याचा साहेब मेजर होता, तरुण, पांढरे हातमोजे घालणारा. ऑगस्टात ग्राबिना गावात कुणीतरी एका शिपायाच्या घोड्याच्या पायाच्या शिरा कापल्या. मेजरनं गावातले पुरुष ओळीनं उभे केले आणि दर दहावा माणूस बाहेर काढला. साठ फटके. आसपासच्या गावांना बघायला हजर राहायचा हुकूम होता. मी पाहिलंय. विसाव्या फटक्यापर्यंत माणूस ओरडतो. चाळिसाव्यानंतर फक्त ओल्या कापडावर मारल्यासारखा आवाज येतो. त्यातले दोघं चार दिवसांनी गेले. मेजर घोड्यावरून म्हणाला होता, "हे घोड्यासाठी. शिपाई मेला तर दर पाचवा माणूस काढीन, आणि ज्याच्या शेतात सापडेल तो बेड्या घालून सैबेरियात चालत जाईल."

शेत वालेंतीचं होतं.

"बाबांना बोलाव," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "पळ, सालोमेया."

माझे सासरे ओनुफ्री गावचे मुखिया. सरकारनं दिलेला पितळी बिल्ला ते गळ्यात घालायचे आणि जेवताना रश्शात बुडू नये म्हणून पाठीवर टाकायचे. ते धापा टाकत आले, येफीमकडे बघितलं, मग हद्दीच्या टेकाडाकडे.

"किती पावलं?" त्यांनी विचारलं.

"नऊ," वालेंती म्हणाला. त्यानं आधीच मोजली होती.

टेकाडाबद्दल सांगायला हवं. वसंतात सरकारी मोजणीदार आला, साखळी टाकली आणि दोन तालुक्यांमधे मातीची टेकाडं उभी करायला लावली. प्रत्येक टेकाडाखाली आम्ही आमच्या रिवाजाप्रमाणे कोळसा आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा पुरल्या. माती वाहून जाते, खांब कुजतो, कोळसा कुजत नाही. कुणी चोरून टेकाड हलवलं तरी कोळसा जागेवर राहतो आणि साक्ष देतो. दुसरा रिवाज असा की दोन्ही गावांतला एकेक माणूस टेकाडावर पालथा घालून फटके द्यायचे, म्हणजे ती जागा तो जन्मभर विसरणार नाही. आमच्याकडून वालेंतीला निवडलं, झावादाकडून माझा भाऊ कास्पर. दोघं एकमेकांचे जिवलग. माझं लग्नही कास्परनंच जुळवलं होतं.

"दाजी, हळू बरं का, उद्या बसायचंय मला," कास्पर पालथा पडून म्हणाला होता.

"मेव्हण्या, बहीण दिलीस, त्याचं काढतो आज," असं म्हणून वालेंतीनं विलोच्या झाडाच्या फोकानं तीन ओढले. मग कास्परनं त्याला तीन ओढले. सगळी माणसं पोट धरून हसत होती. मोजणीदारालाही हसू आवरेना. संध्याकाळी मी दोघांच्या पाठीला हंसाची चरबी लावली.

तर त्या टेकाडापासून नऊ पावलं आत, आमच्या बाजूला, येफीम पडला होता.

"उचला," सासरे म्हणाले. "पलीकडे टाका. त्यांच्या साहेबाला यायलाच चार दिवस लागतील. तोवर वास सुटेल, मग तो नाक दाबून काहीतरी लिहील आणि जाईल."

"बाबा, पलीकडे माझं माहेर आहे," मी म्हटलं.

"आणि अलीकडे तुझा नवरा आहे," ते म्हणाले. "बोल, कुठला ठेवू?"

मग मी येफीमचा डावा पाय धरला.

आम्ही त्याला टेकाडाच्या पलीकडे नेऊन टाकला आणि पाठ सरळ करतोय तेवढ्यात धुक्यातून आवाज आला.

"काय हो दाजी, भल्या सकाळी काय ओढताय? डुक्कर मारलंत आणि मला सांगितलंही नाही?"

कास्पर होता. कुरणाच्या कडेला लव्हाळी कापत होता. हातात विळा, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडभर हसू. जवळ आला आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"हा मेलाय."

"सापडला आम्हाला," वालेंती म्हणाला. "इथे."

"इथे कुठे? तुम्ही आत्ता ओढत आणलात, मी बघितलं की."

"कास्पर," मी म्हटलं, "गप बस. तुमचा साहेब म्हातारा आहे, तो काही करणार नाही. आमचा मेजर वालेंतीला घेऊन जाईल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले असं पाहिलं. माहेरी मला सालका म्हणायचे.

"सालका, शिपाई तुमच्या तालुक्याचा. सापडणार आमच्या रानात. म्हणजे तुमचा मेजर आमच्या म्हाताऱ्याला चिठ्ठी धाडणार, की माझा माणूस तुझ्याकडे मारला. मग म्हाताऱ्यालाही मर्दपणा दाखवावा लागेल. दोन्ही साहेब आमच्या पाठीवर बसतील. आणि रान कुणाचं आहे? बाचं. आपल्या बाचं."

"बाला काही होणार नाही."

"तू लिहून देतेस?" तो म्हणाला. आमच्यापैकी कुणालाच लिहिता येत नव्हतं.

त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. लव्हाळीतून झावादाची माणसं निघाली. आठ-नऊ जण, विळे आणि लांब काठ्या घेऊन. आमच्याकडची माणसं शीळ ऐकून बटाट्याच्या शेतांतून आली, कुदळी घेऊन. धुकं विरायला लागलं होतं. दोन्हीकडची तोंडं मला दिसत होती आणि त्यातलं एकही अनोळखी नव्हतं. निम्म्यांनी माझ्या लग्नात नाच केला होता.

"तुमचा मुडदा तुम्ही सांभाळा!"

"आमचा कसा? तुमच्या जमिनीत आडवाय!"

"दाताड विचकून पडलाय, त्यालाच विचारा ना कुठे मेला ते!"

"ओनुफ्री, बिल्ला घालून चोरी करतोस रे, म्हाताऱ्या?"

सासऱ्यांनी हात वर केला. "साक्षीदार आहेत ना? फटके कशाला दिले होते? दोघं बोलू देत. वालेंती, हा कुठे सापडला?"

वालेंतीनं ओठ चाटले. "इथेच. हद्दीच्या पलीकडे."

"टेकाडावर हात ठेवून म्हणा, दाजी," कास्पर म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "आपण दोघं इथे पालथे पडलो होतो. त्याच्यावर हात ठेवून म्हणा."

वालेंतीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. मी त्याला डोळ्यांनी सांगितलं, ठेव. त्यानं हात ठेवला.

"पलीकडे सापडला," तो म्हणाला.

कास्पर थुंकला. मग त्यानं विळा चिखलात फेकून दिला, वाकून येफीमच्या दोन्ही काखेत हात घातले आणि त्याला आमच्या बाजूला ओढायला लागला. वालेंतीनं पाय धरले. दोघं दोन टोकांनी ओढत होते आणि मधे तो मेलेला माणूस ताणला जात होता. खांद्यातून कडकन आवाज आला. कुणीतरी हसलं. मग झावादाच्या एकानं वालेंतीच्या बरगड्यांत काठी घातली आणि त्याचे हात सुटले.

मारामारीत माणसं ओरडतात असं लोकांना वाटतं. आमच्याकडे फक्त धापा ऐकू येत होत्या, आणि लाकडावर लाकूड, लाकडावर हाड. फेलिक्स तेल्याच्या जबड्यावर काठी बसली आणि त्यानं ओंजळीत दात थुंकले. माझा चुलतदीर विळ्याचं पातं हातानं धरायला गेला आणि त्याची दोन बोटं लोंबली. एक जण चिखलात तोंड खाली घालून पडला होता आणि दुसरा त्याच्या मानेवर गुडघा देऊन बसला होता, शांतपणे, मेंढीची लोकर कापायला बसावं तसा. मी एकाच्या पाठीवर टोपलीनं मारलं. टोपली फुटली.

आणि या सगळ्यातून कास्पर एकटा येफीमला ओढत नेत होता. त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं, ते तो खांद्यानं पुसत होता. टेकाड ओलांडून तो आमच्या शेतात शिरला. पाच पावलं, सात, नऊ. जिथून आम्ही उचललं होतं, बरोबर त्याच जागी, मातीत उमटलेल्या त्याच खोलगटीत, त्यानं येफीमला नीट ठेवला. टोपीसुद्धा सारखी केली. मग सरळ उभा राहिला.

"आता झालं," तो म्हणाला. "जिथला तिथे."

वालेंतीनं त्याला मागून कुदळीनं मारलं. पात्यानं नाही, मागच्या बोथट बाजूनं. एकदाच. कवटीचा आवाज कवडी फुटल्यासारखा आला. कास्पर आधी गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला.

तेवढ्यात बांधावरच्या रस्त्यावरून घंटा ऐकू आली. मेजरच्या गाडीच्या घोड्यांच्या गळ्यातली घंटा. येफीमचा घोडा रिकामाच तालुक्याला परत गेला होता, हे आम्हाला मागून कळलं. घंटा ऐकताच सगळे पांगले. झावादाचे लव्हाळीत, आमचे शेतांत. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी ओढून नेलं. क्षणापूर्वी एकमेकांच्या मानेवर बसलेले दोघंही एकमेकांना धरून पळाले असते, इतकी सगळ्यांना ती घंटा माहीत होती.

शेतात मी, वालेंती आणि दोन आडवे.

वालेंती कुदळ हातात धरून उभा होता. "मी हळूच मारलं," तो म्हणाला. "सालोमेया, मी त्याला हळूच मारलं."

"ओढ्यावर जा," मी म्हटलं. "कुदळ धू. तोंड धू. त्या टोकाला जाऊन बटाटे खण आणि मान वर करू नकोस."

"कास्पर…"

"जा!"

तो गेला. मी कास्परच्या काखेत हात घातले, जसे त्यानं येफीमच्या घातले होते, आणि त्याला ओढला. नऊ पावलं टेकाडापर्यंत, तीन त्यापलीकडे. बारा. मग परत आले, फुटकी टोपली घेतली आणि सरीत बसून बटाटे खणायला लागले. घंटा जवळ येत होती.

मेजरबरोबर सहा शिपाई आणि एक जर्मन डॉक्टर होता. त्यांनी पुरुष ओळीनं उभे केले. ज्यांची तोंडं सुजली होती त्यांच्याकडे मेजरनं पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्यानं विलोचे फोक कापून बादलीत भिजत घालायला सांगितले. आमच्या घराचं दार बिजागऱ्यांवरून काढून दोन पिंपांवर ठेवलं, त्यावर येफीमला ठेवला, आणि डॉक्टरनं बाह्या वर केल्या.

"हा आपलं काम करील," मेजर म्हणाला, "आणि आपण आपलं सुरू करू. मुखिया कोण?"

सासऱ्यांनी बिल्ला काढून माझ्या सासूच्या हातात दिला. त्यांना बाकावर बांधलं. एकीकडे सुरी चालत होती आणि दुसरीकडे फोक. अकरावा फटका पडला तेव्हा डॉक्टरनं मान वर केली.

"याला कुणी मारलेलं नाही," तो म्हणाला. "याचं हृदय फाटलं आहे. पोटात दारूशिवाय काही नाही. घोड्यावरून पडला आणि मेला." मग थांबून म्हणाला, "खांदा मात्र मेल्यानंतर उखडला आहे."

बायका रडायला लागल्या. मी वालेंतीकडे पाहिलं. तो त्या सुरीकडे बघत होता. आम्ही एकमेकांची हाडं मोडली ती एका दारुड्याच्या फाटलेल्या हृदयासाठी, हे त्याला कळत होतं, आणि ते कळायला आता उशीर झाला होता.

मेजर नाराज झाला. "किती झाले?" त्यानं विचारलं.

"अकरा, साहेब."

"पन्नास करा. सुरू केलेलं अर्धवट सोडू नये."

सासरे तो सगळा हिवाळा पालथे झोपले.

जाताना मेजर एका शिपायाचा घोडा घेऊन शेतातून टेकाडापर्यंत गेला. पलीकडे कास्पर पडला होता.

"तो कोण?"

मागून पायी आलेला डॉक्टर दोन पावलं त्याच्याकडे निघाला होता. मेजरनं चाबूक आडवा धरून त्याला थांबवलं.

"तो माझा नाही," मेजर म्हणाला. "त्या तालुक्यालाही डॉक्टर आहे." आणि त्यानं घोडा वळवला.

तेव्हाचा कायदा असा होता की बेवारशी किंवा मारलेला माणूस सापडला तर साहेब येईपर्यंत त्याला हलवायचा नाही, आणि ज्याच्या रानात सापडला त्यानं पहारा द्यायचा. रान माझ्या बापाचं होतं. माझा बाप मिकोलाय चार दिवस आपल्या मुलापाशी उभा राहिला. हातात काठी, कावळे हाकलायला. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. मी हद्दीच्या अलीकडे आमच्या शेतात उभी राहून बघायचे. पलीकडे जायची सोय नव्हती. गेले असते तर विचारलं असतं, तू कशाला रडतेस, तुला काय माहीत आहे. बाप बसत नव्हता. टेकाडापासून कास्परपर्यंत आणि परत, अशा येरझाऱ्या घालत होता, पाय घासत, जड. मला वाटलं थंडी वाजतेय. चौथ्या दिवशी तिथे गवताची काडी उरली नव्हती, नुसता चिखल.

कास्पर म्हणाला होता तसंच झालं. मेजरची चिठ्ठी गेली. म्हातारा साहेब मांजराला कुरवाळत आला आणि त्याला मर्दपणा दाखवावा लागला. झावादाच्या माणसांनी आपसात मारामारी करून आपलाच माणूस मारला, असं त्यानं लिहिलं, आणि सहा जणांना तीस-तीस फटके दिले. बाप त्यात पहिला होता. त्याची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. मरेपर्यंत तो जमिनीकडे बघत चालायचा.

झावादाची माणसं साहेबापुढे एक शब्द बोलली नाहीत. बोलली असती तर येफीमला ओढलेलंही सांगावं लागलं असतं. पण त्यानंतर कुरण ओलांडून कुणी लग्न केलं नाही.

मी बापाला भेटायला गेले ती सात वर्षांनी, तो अंथरुणाला खिळला तेव्हा. मी त्याच्या पायाला चरबी चोळत होते. तो भिंतीकडे तोंड करून होता.

"टाचांच्या दोन रेघा होत्या," तो म्हणाला. "ओल्या गवतात. तुमच्या शेतापासून. मधे एका बाईच्या पायांचे ठसे."

मी चोळायचं थांबले.

"चार दिवस लागले पुसायला," तो म्हणाला. "चोळ. थांबू नकोस."

वालेंतीबरोबर मी एकोणचाळीस वर्षं संसार केला. त्यानं आयुष्यात पुन्हा कुणावर हात उचलला नाही, बैलावरसुद्धा नाही. कुदळ मात्र त्याला धरता यायची नाही, बटाटे मी काढायचे. एकदाच, म्हातारपणी, चुलीपाशी बसून त्यानं विचारलं.

"तो लगेच गेला ना, सालोमेया?"

"लगेच," मी म्हटलं. "मी हात लावला तेव्हा गेलेला होता."

त्यानं मान हलवली. त्या हिवाळ्यात तो गेला, झोपेत.

मग लढाई झाली, झारचं राज्य गेलं, आमचं राज्य आलं. रशियन लोक जाताना कचेरीतले नकाशे गाड्यांत घालून घेऊन गेले, राहिले ते जळाले. गेल्या शरदात एक तरुण मोजणीदार गावात आला. दोन तालुके पुन्हा एक करायचे होते आणि त्यासाठी आधी जुनी हद्द कुठून जात होती ते त्याला हवं होतं. टेकाडं कधीच नांगराखाली गेली होती. गावानं त्याला माझ्याकडे पाठवलं, कारण तेवढी म्हातारी दुसरी कुणी उरली नव्हती.

"आजी, काही आठवतंय का?" त्यानं मोठ्यानं विचारलं. त्याला वाटलं मी बहिरी आहे.

"चल," मी म्हटलं.

शेताच्या कडेला मी काठी रोवली. "इथे खण."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग फावडं घेतलं. हातभर खोलीवर फावड्याला काच लागली. मग कोळसा निघाला, ओला, काळा, कालच पुरल्यासारखा. पोरगं आनंदानं उड्या मारायला लागलं. त्यानं कागदावर टिंब काढलं, जबानी लिहिली आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली. मी त्याच्या हातातून लेखणी घेतली. अक्षरं मी साठीनंतर शिकले, नातीच्या पुस्तकावरून. आधी त्यानं लिहिलेलं वाचलं, मग नाव लिहिलं.

"कमाल आहे, आजी," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी बोटभर जागासुद्धा चुकली नाही. कशी लक्षात राहिली?"

"आमच्यात फटके द्यायचे," मी म्हटलं. "जागा लक्षात राहावी म्हणून."

तो हसत साखळी गोळा करायला गेला. मी तिथेच राहिले. मग आमच्या शेतात नऊ पावलं मागे गेले, जिथे येफीम पडला होता, जिथे कास्पर पडला होता. आणि तिथून पुन्हा चालत निघाले, पाठ झावादाकडे करून, तेव्हा चालले होते तशी उलटी. एक, दोन, तीन.

सातव्या पावलावर त्यानं डोळे उघडले होते.

मी वाकलेली होते, त्याचं तोंड माझ्या तोंडाखाली होतं. त्यानं मला ओळखलं. त्याच्या दातांना माती लागली होती. त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला, मी कुठे नेतेय ते बघायला, आणि माझ्यामागे झावादाची धुराडी दिसली असावीत, कारण त्याच्या कपाळावरची आठी सुटली.

"घरी नेतेस ना, सालका?" तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

आणि आणखी पाच पावलं त्याला ओढलं, तिथे ठेवलं, आणि बटाटे खणायला परत आले.